सहा आठवड्यांत दोन एव्हीआर: ८२.५ केव्हीए जनरेटरचं एक प्रकरण

दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षांचं प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज. मालकांच्या विनंतीवरून जागेचं नाव देत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल इथे श्वास घ्यायला फुरसत नसते. बागेतून आलेल्या घडांमधली उष्णता काही तासांत काढून टाकली नाही, तर देठ सुकतो, मणी गळतात आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजाराच्या भावाने विकायची वेळ येते. त्यामुळे लाइट गेली की सगळी भिस्त डीजीवर, म्हणजे डिझेल जनरेटरवर.

सेट ८२.५ केव्हीएचा. तीन फेज, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १५०० आरपीएम. पूर्ण लोडला फेजमागे साधारण ११५ अँपिअर. अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, ब्रशलेस आणि सेल्फ एक्सायटेड. एव्हीआर म्हणजे ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर, व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवणारं कार्ड. सेल्फ एक्सायटेड म्हणजे या एव्हीआरला लागणारी वीज अल्टरनेटरच्या मेन वाइंडिंगमधूनच मिळते. त्यासाठी शाफ्टवर वेगळं मॅग्नेट जनरेटर बसवलेलं नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

तक्रार एका ओळीची होती: इंजिन व्यवस्थित चालतंय, व्होल्टेज येत नाही. मार्चचा मध्य, आत माल भरलेला. मालकांनी फोनवरच सांगितलं, "साहेब, येताना नवीन एव्हीआर घेऊनच या. आला की बसवायचा, बाकी काही नको." घाई समजण्यासारखी होती. पण याच सेटवर जानेवारीच्या शेवटी हीच तक्रार आली होती आणि तेव्हाही एव्हीआरच बदलला होता, हे कळल्यावर मी त्यांना सांगितलं की भाड्याचा डीजी आधी मागवा, खोल्यांची दारं बंद ठेवा आणि मला एक दुपार द्या. चांगलं इन्सुलेशन असलेली खोली दार न उघडता काही तास तग धरते. त्यांनी ऐकलं, म्हणूनच हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं.

आधीची दुरुस्ती कशी झाली, ते बघताक्षणी दिसत होतं. मूळ एव्हीआरच्या जागी बाजारात मिळणारा युनिव्हर्सल एव्हीआर टर्मिनल बॉक्सच्या कडेला केबल टायने बांधलेला. सेन्सिंगच्या, म्हणजे एव्हीआरला अल्टरनेटरचं व्होल्टेज कळवणाऱ्या वायरी पिळून वर टेप गुंडाळलेली, टोकांना दाबून बसवायचे लग नाहीत. व्होल्टेज आलं, काम संपलं, असा तो सगळा मामला. त्या वायरमनला मी फार दोष देणार नाही. रात्री माल वाचवायचा असतो तेव्हा जो येतो, तो हाताशी असेल त्यानेच वेळ निभावतो. पण अशा जोडणीत सेन्सिंगची एक वायर निसटली, तर एव्हीआरला वाटतं की व्होल्टेज शून्य आहे, आणि तो पूर्ण जोर लावतो. मग ४१५ च्या जागी ५०० च्या वर व्होल्टेज जाऊन कॉम्प्रेसरची कंट्रोल कार्डं, लाइट, कॉम्प्युटर सगळं एका झटक्यात जाऊ शकतं. इथे ते घडलं नाही, हे नशीब.

मी मीटर बाहेर काढण्याआधी ऑपरेटरशी बोललो. माझ्या मते कुठल्याही डीजीच्या दुरुस्तीतली ही सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी चाचणी आहे. त्यांनी सांगितलं, "नवीन एव्हीआर बसवल्यापासून एक कॉम्प्रेसर चालला तर ठीक असायचं. दुसरा घेतला की लाइट मंद व्हायची. मीटरवर तीनशे ऐंशी-नव्वद दिसायचं. मग मी एव्हीआरवरचा व्होल्टेजचा तो स्क्रू थोडा फिरवायचो." लॉगबुकात याच नोंदी सापडल्या: रिकाम्या लोडला ४१५, दोन कॉम्प्रेसरवर ३८५ ते ३९०, फ्रीक्वेन्सी मात्र ५० च्या आसपास.

या एका ओळीत अर्धं निदान होतं. फ्रीक्वेन्सी टिकून आहे म्हणजे इंजिन आणि त्याचा वेग धरणारा गव्हर्नर आपलं काम करताहेत. वेग टिकूनही लोडवर व्होल्टेज पडतं, म्हणजे एव्हीआर तरी पुरेसं एक्सायटेशन (चुंबकीय क्षेत्र उभं करणारा करंट) देत नाही, किंवा तो देतोय ते मुख्य रोटरपर्यंत, म्हणजे फिरत्या चुंबकापर्यंत पोचत नाही. नवा एव्हीआर बसवल्यानंतरही लोडवर व्होल्टेज पडत राहिलं, तेव्हा दुसऱ्या शक्यतेकडे बघायला हवं होतं.

ब्रशलेस अल्टरनेटरमध्ये एव्हीआर मुख्य रोटरला थेट काहीच देत नाही. तो एक्सायटरच्या स्थिर फील्डला थोडासा डीसी करंट देतो. शाफ्टवर फिरणाऱ्या एक्सायटर रोटरमध्ये त्यामुळे तीन फेज एसी तयार होतो. शाफ्टवरच बसवलेले सहा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, त्याचा डीसी करतात आणि तो मुख्य रोटरला जातो. म्हणजे एव्हीआर आणि मुख्य रोटर यांच्यामध्ये सहा डायोडांचा फिरता पूल आहे. त्याच्यावर व्होल्टेजचा अचानक धक्का झेलणारा एक सर्ज सप्रेसर म्हणजे व्हॅरिस्टर असतो. हा भाग बाहेरून दिसत नाही, त्याला मीटर नाही, अलार्म नाही. त्यातला एक डायोड गेला तरी सेट चालत राहतो, फक्त तेवढ्याच व्होल्टेजसाठी एव्हीआरला जास्त करंट द्यावा लागतो.

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. एएमएफ पॅनल असलं की लाइट जाताच डीजी आपोआप चालू होतो, त्यामुळे नुसता सिलेक्टर ऑफवर ठेवणं पुरेसं नाही. हात आत असताना लाइट गेली आणि कुणी सिलेक्टर फिरवला, तर काय होईल ते सांगायला नको.

आधी जळालेले दोन्ही एव्हीआर बघितले. जानेवारीतला मूळ एव्हीआर ऑपरेटरच्या खोलीत फडताळावर पडला होता, तो मागून घेतला. दोन्ही एकाच ठिकाणी जळाले होते: फील्डला करंट देणाऱ्या थायरिस्टरच्या बाजूला. सेन्सिंगची बाजू दोन्हीत स्वच्छ होती. आत येणाऱ्या जादा व्होल्टेजने एव्हीआर गेला असता, तर आधी इनपुटच्या बाजूचे भाग फुटलेले दिसले असते. पॉवरच्या बाजूचं काळवंडणं सांगत होतं की हे एव्हीआर ताकदीबाहेर करंट देत राहिले. दोन वेगळ्या बनावटीचे एव्हीआर एकाच जागी जळतात, तेव्हा बनावटीला दोष देण्यात अर्थ नाही. जुना एव्हीआर भंगारात टाकण्यापूर्वी तो कुठे जळालाय हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि जवळजवळ कुणी बघत नाही.

मग फील्ड. एक्सायटर फील्डच्या दोन्ही वायरी एव्हीआरपासून सोडवून मोजल्या: २०.४ ओहम. या मापाच्या अल्टरनेटरला साजेसा आकडा, फील्ड शॉर्ट नव्हतं. फील्ड शॉर्ट असतं, तर कितीही एव्हीआर बसवले तरी ते जळतच राहिले असते. मेन स्टेटरला, म्हणजे ज्यातून वीज बाहेर येते त्या स्थिर वाइंडिंगला, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावला, ४० मेगओहम आले, उत्तम. मेगर लावताना एव्हीआर सर्किटमध्ये नव्हताच. पण हे मुद्दाम लिहितो, कारण एव्हीआर जोडलेला ठेवून मेगर लावल्याने चांगले एव्हीआर मेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता मुख्य चाचणी. ही प्रत्येक डीजी मेकॅनिकला यायला हवी, कारण ती एव्हीआरला पूर्ण बाजूला ठेवून अल्टरनेटरची परीक्षा घेते. बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी एक्सायटर फील्डला जोडायची. पॉझिटिव्ह फील्डच्या पॉझिटिव्हला, उलट नाही. मेन ब्रेकर बंद (ऑफ), लोड शून्य. इंजिन पूर्ण वेगावर आणायचं आणि तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजायचं. निरोगी मशिन यात साधारण आपल्या नेहमीच्या व्होल्टेजच्या १० टक्क्यांच्या आत यायला हवं. एव्हीआर काढलेला आहे म्हणून टर्मिनलवर व्होल्टेज नसेल, असं इथे कुणी समजू नये. या चाचणीत टर्मिनलवर पूर्ण जीवघेणं व्होल्टेज असतं.

आमचे आकडे आले: २९८, ३००, २९९.

हे आकडे वाचायला शिकलं की निम्मं शोधकाम वाचतं. तिन्ही फेज समान आहेत, म्हणून मेन स्टेटरमध्ये दोष नाही. स्टेटरची एखादी गुंडाळी शॉर्ट असती, तर तो एक फेज वेगळा दिसला असता. तिन्ही समान पण तिन्ही कमी, याचा अर्थ तिघांना मिळून लागणारं चुंबकीय क्षेत्रच दुबळं आहे. ते क्षेत्र मुख्य रोटरमधून येतं, रोटरला वीज डायोडांमधून. तेव्हा बघायच्या जागा तीनच उरल्या: एक्सायटर रोटर, डायोड, मुख्य रोटर.

इंजिन बंद करून बॅटरी पुन्हा सोडवली आणि अल्टरनेटरच्या मागच्या बाजूचं झाकण काढलं. फ्लायव्हील हाताने थोडं थोडं फिरवत एकेक डायोड समोर आणला. डायोड सर्किटमध्ये जोडलेला असताना मोजला तर वाइंडिंगमधून खोटं वाचन मिळतं, म्हणून प्रत्येकाची लीड सोडवून मोजायचं. पाच डायोड एका दिशेने ०.४५ ते ०.५ व्होल्ट दाखवत होते, उलट दिशेने काहीच नाही. सहावा दोन्ही दिशांनी उघडा, म्हणजे त्यातून वीज जातच नव्हती. त्याच्या शेजारचा व्हॅरिस्टर तडकून त्याचे तुकडे उडाले होते, खालच्या पत्र्यावर काळी भुकटी पडलेली होती.

मुख्य रोटर आणि एक्सायटर रोटर दोन्ही मोजले, ठीक होते.

आता साखळी जुळली. एक डायोड उघडा पडल्यावर पूल लंगडा झाला. रिकाम्या लोडवर एव्हीआरने थोडं जास्त देऊन ४१५ गाठलं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. दोन्ही कॉम्प्रेसर आल्यावर लागणारं एक्सायटेशन लंगड्या पुलातून मिळेना, व्होल्टेज ३८५ वर आलं. एव्हीआरला फक्त एवढंच दिसतं की आपल्याला नेमून दिलेलं व्होल्टेज येत नाहीये. तो आपलं आउटपुट छताला नेऊन तिथेच उभा राहतो. या जातीचे एव्हीआर २२० च्या आसपासच्या इनपुटवर साधारण ९० व्होल्ट डीसीपर्यंत जाऊ शकतात. २० ओहमच्या फील्डमध्ये त्याने ४.५ अँपिअर होतात. सततची क्षमता ४ अँपिअरची. सहा-दहा सेकंदांसाठी हा जादा भार त्याला चालतो, मोटर सुरू होताना तेच अपेक्षित असतं. तासन्‌तास नाही, आणि मार्चच्या दुपारी बंद कॅनॉपीच्या उष्णतेत तर नाहीच. ऑपरेटर बिचारे स्क्रू वर फिरवत होते तेव्हा एव्हीआरवरची मागणी आणखी वाढत होती. व्होल्टेज का पडतंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सहाच्या सहा डायोड बदलले. एक गेला म्हणून एक बदलणं मला मान्य नाही. उरलेल्या पाचांनीही तोच झटका खाल्लेला असतो, आणि झाकण पुन्हा उघडायची मजुरी पाच डायोडांच्या किमतीपेक्षा जास्त पडते. तीन डायोड सरळ ध्रुवतेचे, तीन उलट, दिसायला सारखेच. खुणा बघून बसवायचे. बुडाच्या पृष्ठभागावर हीट सिंक कंपाउंडचा पातळ थर, आट्यांवर नाही, आणि नट टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने. हाताच्या अंदाजाने आवळलेला डायोड आतून तडकतो किंवा सैल राहून तापतो. नवा व्हॅरिस्टर बसवला. १२ व्होल्टची चाचणी पुन्हा घेतली: ४१८, ४१९, ४१८.

इथपर्यंत येईस्तोवर नवा एव्हीआर खोक्याबाहेर काढलाच नव्हता. हा क्रम मी जाणूनबुजून ठेवतो. अल्टरनेटर निर्दोष आहे हे १२ व्होल्टवर सिद्ध झाल्यावरच नव्या एव्हीआरला हात लावायचा.

एव्हीआर मूळ प्रकाराचाच आणला होता. निवडताना व्होल्टेजचा आकडा जुळला की झालं, असं नसतं. सेन्सिंग किती व्होल्टचं आहे, आपल्या फील्डच्या ओहमला तो किती करंट सतत देऊ शकतो, ५० हर्ट्झची लिंक आहे का, आणि पॉवर मेन वाइंडिंगमधून घ्यायची की मॅग्नेट जनरेटरमधून, हे सगळं जुळावं लागतं. जुन्या जोडणीचा फोटो काढला, पण तिच्यावर विसंबलो नाही, कारण ती मुळात तात्पुरती होती. अल्टरनेटरच्या आकृतीवरून प्रत्येक वायर शोधून तिला नंबर घातला. टेप लावलेले सांधे कापून नवे लग क्रिंप केले, एव्हीआर त्याच्या मूळ रबरी बुशांवर बसवला. कंपन हा एव्हीआरचा जुना वैरी आहे, त्यासाठीच ते बुश दिलेले असतात. इनपुटमध्ये फ्यूज घातला.

व्होल्ट पॉट म्हणजे व्होल्टेज ठरवायचा स्क्रू पूर्ण कमीवर, स्टॅबिलिटीचा मध्यावर ठेवून सेट चालू केला. व्होल्टेज उभंच राहिलं नाही. इथे बरेच जण घाबरतात आणि एव्हीआर सदोष म्हणून परत करतात. सेल्फ एक्सायटेड मशिनमध्ये सुरुवात लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर होते. इनपुटवर चार-पाच व्होल्ट मिळाले तर एव्हीआर जागा होतो. आमच्याकडे तीनच मिळत होते. सेट बंद करून फील्ड एव्हीआरपासून सोडवलं, बॅटरीचे १२ व्होल्ट बरोबर ध्रुवतेने काही सेकंद दिले, पुन्हा जोडलं. पुढच्या वेळी इनपुटवर आठ व्होल्ट दिसले आणि एव्हीआरने लगेच पकड घेतली.

मग पॉट हळूहळू वर नेत रिकाम्या लोडला ४१५ केलं. फील्डवर ११ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरच्या थोडं वर. फ्रीक्वेन्सी ५१.८, मेकॅनिकल गव्हर्नरला रिकाम्या लोडला एवढी असणं योग्यच, कारण पूर्ण लोडला ती ५० वर येते. इंजिनचा वेग मुद्दाम कमी करून अंडर फ्रीक्वेन्सीची सेटिंग तपासली. ४७ हर्ट्झला एव्हीआरचा दिवा लागला आणि त्याखाली वेगाबरोबर व्होल्टेजही उतरू लागलं. ही सेटिंग विस्कटलेली असेल, तर इंजिन आयडलवर गरम होत असतानाही एव्हीआर ४१५ धरून ठेवायला जातो आणि फील्ड तापवतो. स्टॅबिलिटी थोडी फिरवून व्होल्टेजचं हंटिंग म्हणजे सतत वरखाली होणं थांबवलं.

संध्याकाळी लोड दिला. एक कॉम्प्रेसर, दुसरा, पंखे. साधारण ७० टक्के लोडवर ४१४ व्होल्ट, फील्डवर ३० व्होल्ट आणि दीड अँपिअर. ४ अँपिअरच्या एव्हीआरवर दीड. मालक म्हणाले, "झालं ना मग? आता माल इकडे घेऊ?"

मी आणखी अर्धा तास मागितला, कारण व्हॅरिस्टर का फुटला याचं उत्तर मिळालं नव्हतं. व्हॅरिस्टर आपणहून फुटत नाही. स्टेटरच्या बाजूला करंट अचानक उसळला की रोटरमध्ये व्होल्टेजचा धक्का बसतो, तो झेलायचं काम त्याचं.

उत्तर थर्मोस्टॅटने दिलं. थंडी पुरेशी झाल्यावर दोन्ही कॉम्प्रेसर पाठोपाठ बंद झाले, आणि मीटरवर व्होल्टेज ४१५ वरून चढत ४६२ ला गेलं. फील्डवर बघितलं तर एव्हीआर एक व्होल्टसुद्धा देत नव्हता. आपल्या परीने त्याने सगळं सोडून दिलं होतं, तरी व्होल्टेज खाली येईना. पॉवर फॅक्टरसाठी बसवलेलं ४० केव्हीएआरचं कपॅसिटर पॅनल चेंजओव्हरच्या (महावितरण की डीजी हे बदलणाऱ्या स्विचच्या) लोडच्या बाजूला होतं, म्हणजे महावितरणच्या विजेवर आणि डीजीवर दोन्हीकडे चालू. मोटरी बंद झाल्या, कपॅसिटर मात्र लगेच सुटले नाहीत. पॅनलचा कंट्रोलर एकेक टप्पा सावकाश काढत होता, तोपर्यंत अल्टरनेटरवर जवळजवळ निव्वळ लीडिंग, म्हणजे कपॅसिटरचाच लोड. अशा वेळी कपॅसिटरचा करंटच मशिनला एक्सायट करतो आणि एव्हीआरच्या हातात काही उरत नाही.

शिवाय लाइट जाऊन डीजी येईपर्यंतच्या थोड्या सेकंदांत कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज होत नव्हते. भरलेला कपॅसिटर भलत्याच क्षणी नव्या व्होल्टेजवर जोडला गेला की करंटची जबर उसळी येते. लोडशेडिंगच्या दिवसांत हे रोज घडत होतं. व्हॅरिस्टर त्यानेच थकवला, आणि तो गेल्यावर डायोडांना संरक्षण उरलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

उपाय स्वस्त होता. डीजीच्या ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (ब्रेकरबरोबर चालू-बंद होणारा छोटा स्विच) कपॅसिटर पॅनलच्या कंट्रोल सप्लायमध्ये घातला. डीजी लोडवर आला की सगळे कपॅसिटर बाहेर. महावितरणची वीज परतल्यावर ते ६० सेकंदांनीच आत येतात. डीजीवर पॉवर फॅक्टर सुधारायची गरज नाही, अल्टरनेटर ०.८ लॅगिंग पॉवर फॅक्टरसाठी, म्हणजे मोटरींसारख्या लोडसाठीच बनवलेला असतो. तोच प्रयोग पुन्हा केला: दोन्ही कॉम्प्रेसर बंद होताना व्होल्टेज क्षणभर ४२७ ला गेलं आणि ४१५ वर स्थिरावलं.

जास्त व्होल्टेजला ब्रेकर पाडणारा रिले या पॅनलमध्ये नव्हता, तोही पुढच्या आठवड्यात बसवून घेतला. लॉगबुकात आता व्होल्टेज, फ्रीक्वेन्सी आणि अँपिअरच्या शेजारी फील्ड व्होल्टेजचा रकाना आहे. त्यासाठी पॅनलवर छोटा डीसी मीटर बसवलाय. दोन कॉम्प्रेसरवर ३० च्या आसपास आकडा असला पाहिजे. तो विनाकारण ४० कडे सरकू लागला तर स्क्रू फिरवायचा नाही, सेट रिकामा करून डायोड बघायला बोलवायचं, एवढं ऑपरेटरांनी स्वतःच्या अक्षरात पॅनलच्या दारावर लिहून ठेवलंय. मूळ प्रकाराचा एक एव्हीआर आणि सहा डायोडांचा संच कोरड्या डब्यात स्टोअरमध्ये आहे. युनिव्हर्सल एव्हीआर मी परत बसवू दिला नाही.